त्रेपन्नावा आठवडा

३ सप्टेंबर

'तराजू' या संकेतस्थळाच्या चालक-मालकांस,

सप्रेम म्हणण्याइतकी आपली ओळख नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

मी मेलो आहे असं आज सकाळी तुमच्या संकेतस्थळावर वाचलं. मी म्हणजे माझी लायब्ररी, पण आम्ही दोघं इतकी वर्षं एकाच खोलीत राहतोय की फरक करणं अवघड जातं.

लायब्ररी पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांच्या प्रोग्रामांत जोडायच्या तयार कोडची; नाव 'पाळी'. नावावर विनोद करायचा असेल तर आधीच सांगतो, सगळे करून झालेत. मी बस आगारात नोकरी करतो, चालक-वाहकांच्या पाळ्या लावायचा प्रोग्राम लिहिता लिहिता त्यातला तारखांचा भाग वेगळा काढला आणि फुकट ठेवून दिला. कुणीही उचलावा, कुणीही वापरावा, कुणीही शिव्या घालाव्यात. दर तिसऱ्या गुरुवारी, महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, एक आठवडा सोडून दुसऱ्या आठवड्यात, अशी कुठलीही पाळी सांगा, ती पुढच्या तारखा काढून देते. बाकी काही करत नाही. करणारही नाही.

तुमच्या यादीत तारखांच्या लायब्रऱ्यांत पहिली 'टिकटिक' आहे. तिच्या पानावर घड्याळ घातलेला ससा आहे. माझी लायब्ररी एकोणिसावी, आणि नावापुढे राखाडी रंगात 'मृत'. खाली कारण: दोन वर्षांत काहीही हालचाल नाही.

हालचाल नाही म्हणजे मेलं, हा शोध कुणाचा? आमच्या आगारात अधिकारी टेबलाशी दुपारभर हालत नाहीत, त्यांना कुणी मृत म्हणत नाही. उलट पगारवाढ होते.

तो शब्द काढून टाकावा.

आपला,
मयत लायब्ररीचा हयात मालक

•

५ सप्टेंबर

भाऊजी,

चालक-मालक मीच. तीन वर्षांपूर्वी तुमचा आणि ताईचा घटस्फोट झाला तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर मूर्खासारखी हसत उभी होते ती तुमची मेव्हणी. कायद्यानं आता मी तुमची कोण लागते ते मला ठाऊक नाही. भाऊजी म्हणायची जिभेची सवय सुटत नाही, तेवढं चालवून घ्या.

'मृत' हा शब्द मी लिहिलेला नाही. प्रोग्राम लिहितो. प्रोग्राम मी लिहिलाय, हे खरं. आता कुरकुर करण्याआधी हिशेब ऐका. ऑफिसमध्ये लोक लायब्ररी कशी निवडतात माहितीये? शेजारच्यानं कुठली घेतली ते बघतात. म्हणून मी हे सुरू केलं. किती जणांनी तारा देऊन आवडल्याचं सांगितलं, आठवड्याला किती जण उतरवून घेतात, शेवटचा बदल कधी झाला आणि तक्रारीला उत्तर किती लवकर मिळतं, हे मोजते आणि गुण देते. आज तीन-चार मोठ्या कंपन्या माझी यादी बघून निर्णय घेतात. मला न सांगता घेतात, पण घेतात.

तुमचं प्रकरण विचित्र आहे. तारे शंभराच्या आसपास, त्यातले निम्मे आगारातल्या लोकांचे असावेत. आणि उतरवून घेणारे भरमसाट, टिकटिकच्या बरोबरीला. मला वाटलं कुठला तरी आगाऊ प्रोग्राम तुमची लायब्ररी उगाच दर मिनिटाला ओढतोय, म्हणून तो आकडा मी बाजूला ठेवला.

शब्द हवा असेल तर बदलते. 'निद्रिस्त' चालेल? पण खरा उपाय साधा आहे. एक बदल करा. एखादी ओळ इकडची तिकडे करा. प्रोग्राम लगेच तुम्हाला जिवंत करेल.

तुमची,
मेव्हणी (अंदाजे)

•

१२ सप्टेंबर

मेव्हणीबाई,

तू निघालीस. तरीच मांडणी नीटनेटकी आहे.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे टिकटिकचे गेल्या महिन्यातले बदल वाचून काढले. सशाचा रंग बदलला. सशाचा रंग पूर्ववत केला. एका ओळीतली जागा काढली. ती परत घातली. याला तू हालचाल म्हणतेस, मी चुळबुळ म्हणतो. माझ्या खोलीत छताला पंखा आहे. मी राहायला आल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही, कारण तो फिरतो. उद्या तुझ्या यादीत पंखे आले तर जो दर आठवड्याला दुरुस्त होतो तो पहिला येईल.

पाळीत बदल नाही, कारण बदलण्यासारखं काही उरलेलं नाही. काम पूर्ण झालं की कारागीर हात धुऊन उठतो. हे मी उगाच मोठेपणानं सांगत नाही. थोडं सांगतोय.

'निद्रिस्त' नको. तो शब्द ज्वालामुखीला ठीक आहे.

माझं बरं चाललंय. खोलीच्या खाली धुलाईचं दुकान आहे, त्यामुळे जमीन कायम कोमट असते आणि माझ्या कपड्यांना आपोआप साबणाचा वास येतो. घरी सगळे ठीक ना? सगळे म्हणजे सगळे.

माजी भाऊजी

•

१५ ऑक्टोबर

भाऊजी,

सगळे म्हणजे ताई ना? ठीक आहे. त्याच दवाखान्यात आहे, लोकांचे कान तपासते, श्रवणयंत्रं बसवते. तुमच्याबद्दल विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

आता कामाचं. तुमचा फिरणारा पंखा डोक्यावर पडायला आलाय.

मला एका रुग्णालयातल्या नर्सबाईंचं पत्र आलं. त्यांच्याकडे काही रुग्णांना एक आठवडा सोडून इंजेक्शन द्यावं लागतं. रक्ताचा आजार आहे, चुकवून चालत नाही. त्या पुढच्या वर्षाच्या तारखा छापून घेत होत्या. तर एका रुग्णाला डिसेंबरअखेर ते जानेवारी यात एकदम तीन आठवड्यांची सुट्टी, आणि दुसऱ्याला लागोपाठच्या आठवड्यांत दोन सुया. बाईंना आधी वाटलं छपाई चुकली.

रुग्णालयाचा प्रोग्राम टिकटिक वापरतो. बाईंनी टिकटिककडे तक्रार केली. लगेच उत्तर आलं, यंत्रानंच दिलेलं, शेवटी हसरा ससा: चूक आमची नाही, आम्ही पोटात 'पाळी' वापरतो, तिकडे विचारा. मी या उत्तराला पूर्ण गुण दिलेत. लवकर आलं ना.

म्हणजे भाऊजी, माझ्या यादीतली पहिली तुमच्या एकोणिसावीच्या खांद्यावर उभी आहे, आणि मी खालच्याला मृत म्हणतेय. तुमचे ते भरमसाट आकडे खरेच होते. हे कळल्यावर मी थोडा वेळ पाणी पीत बसले.

पण बाई तुमच्या पानावरही तक्रार लिहून आल्या. महिना होत आला. उत्तर नाही. मी कोड उघडून बघितला. तुम्ही वर्षाचे आठवडे मोजता आणि सम की विषम यावरून पाळी लावता. एरवी वर्षात बावन्न आठवडे. यंदा त्रेपन्न आहेत. त्रेपन्नावा विषम, आणि त्याच्यामागून येणारा नव्या वर्षाचा पहिलाही विषम. दोन विषम शेजारी शेजारी आले की तुमची पाळी कोलमडते.

वर्ष संपायच्या आत दुरुस्त करा. आणि बाईंना दोन ओळी लिहा, इतकं काय ते.

मेव्हणी

•

१९ ऑक्टोबर

मेव्हणीबाई,

तक्रार वाचली आहे. चूक कॅलेंडरची आहे. ज्यानं वर्षाला त्रेपन्नावा आठवडा चिकटवला त्याला आगारात एक दिवस पाळ्या लावायला बसवायला हवं होतं. आमच्याकडे फलकावर 'सम आठवडा', 'विषम आठवडा' असं लिहायची पद्धत होती, मी तीच उचलली. पाळी जन्मल्यापासून त्रेपन्न आठवड्यांचं वर्ष हे पहिलंच.

बाईंना म्हणावं, तेवढ्या पंधरवड्यापुरत्या तारखा हातानं लावा. आणि कोड सगळ्यांसाठी उघडा आहे. ज्याला घाई असेल त्यानं स्वतःची प्रत काढून दुरुस्त करावी. ससेवाल्यांकडे माणसं पुष्कळ आहेत.

सध्या आगारात गडबड आहे. बघतो.

माजी भाऊजी

•

२१ ऑक्टोबर

भाऊजी,

'बघतो'? तुम्ही ताईला नळ गळतोय म्हटल्यावर हाच शब्द वापरायचात. शेवटी नळ मी बदलला होता.

बाईंना एकट्यांना हातानं लावता येईल. पण त्यांच्यासारखी किती रुग्णालयं आहेत ते मी मोजलं आणि मोजायचं थांबवलं. त्यातल्या किती जणी पुढच्या जानेवारीचा कागद आत्ता डोळ्यांनी तपासतायत? ससेवाल्यांनाही लिहिलं. ते म्हणाले, बैठकीत घेऊ. त्यांची बैठक सशाच्या नव्या टोपीवर अडकली आहे. आणि सगळे तुमच्याच नावानं ओढून घेतात. दुसऱ्या कुणी प्रत काढली तर ती इतक्या ठिकाणी पोचायला निम्मं वर्ष जाईल. तुम्ही चार ओळी बदलल्यात तर त्याच दिवशी सगळीकडे जाईल.

मला तुमचा राग आलाय. तुम्ही आळशी आहात, पण असे नाही. आगारातल्या एका वाहकाची सुट्टी चुकली म्हणून लग्नाच्या जेवणावरून उठून गेलेला माणूस आहात तुम्ही. लग्न तुमचंच होतं.

काय भानगड आहे ते सरळ सांगा. नाहीतर मी 'मृत' काढून 'मुद्दाम मेलेली' असा नवा वर्ग सुरू करते, आणि त्यात एकटे तुम्ही.

मेव्हणी

•

२ नोव्हेंबर

मेव्हणीबाई,

भानगड अशी आहे की मला माझ्याच लायब्ररीत शिरता येत नाही.

हसून झालं की पुढे वाच.

पासवर्ड पाठ आहे. पण तो दिल्यावर फोनवर एक कोड येतो, तो टाकल्याशिवाय दार उघडत नाही. खातं काढलं त्या आठवड्यात माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला होता, म्हणून मी तुझ्या ताईचा नंबर दिला. तेव्हा आमचं सगळंच एकमेकांच्या नावावर होतं, फोन नंबर काय चीज. पुढे घटस्फोट झाला. वाटण्या झाल्या. कपाट तिला, खुर्च्या मला. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. जुना लॅपटॉप आत शिरूनच बसलेला होता, त्याच्यावर मी काम करत राहिलो. दोन वर्षांपूर्वी तो बिघडला. तेव्हापासून मी बाहेर.

चालवणाऱ्या कंपनीला लिहिलं की मालक मीच. ते म्हणाले, सिद्ध करा, तुमच्या फोनवर कोड पाठवलाय. दुसरं खातं काढून स्वतःच्याच दारात उभं राहून 'मालक आहेत का घरात' असं विचारायचीही सोय आहे. ते माझ्याच्यानं झालं नाही. म्हणून काम पूर्ण झालंय, कारागीर हात धुऊन उठलाय वगैरे. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

दुरुस्ती तयार आहे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी केली. आठवडे मोजायचेच नाहीत, पहिल्या तारखेपासून चौदा चौदा दिवस पुढे जायचं. आगाराच्या यंत्रावर दहा वर्षांच्या तारखा तपासल्या, बरोबर येतात.

आता एवढंच कर. ताईच्या घरी जा. तिचा फोन मिनिटभर हातात घे, मी इथून बटण दाबतो, तू आकडे कळव. तिला सांगू नकोस. तीन वर्षं मी तिला फोन केलेला नाही. आता केला आणि म्हटलं, मला एक कोड हवाय, तर तिला वाटेल बहाणा आहे. आणि बहाणा नाही म्हटलं तर ते आणखी वाईट वाटेल.

मा. भाऊजी

•

५ नोव्हेंबर

भाऊजी,

बहिणीचा फोन चोरून बघायला मी तुमची कोण आहे? मेव्हणी आहे, खिसेकापू नाही.

मी ताईला सगळं सांगितलं. ती दवाखान्यात डबा खात होती. ऐकून घेतलं, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मला माहितीये."

गेली दोन वर्षं तिच्या फोनवर कोड येतायत. तुम्ही अधूनमधून पासवर्ड टाकून बघत होतात, बहुतेक दार कधीतरी न विचारता उघडेल या आशेनं. दर वेळी इकडे तिच्या फोनवर आकडे. कधी ती भाजी चिरतेय, कधी कुणाच्या कानात नळी घालतेय, आणि टिंग. "सगळ्या जगाला वाटतंय ती लायब्ररी मेली," ती म्हणाली, "मला एकटीला कळत होतं की हा अजून दार ढकलतोय. मी म्हटलं, कधीतरी विचारेल. विचारलं नाही. आकडे यायचे, हा नाही."

भाऊजी, माझा तराजू एवढा सगळीकडून माहिती गोळा करतो, आणि तुमच्या हालचालीची खरी नोंद माझ्या सख्ख्या बहिणीच्या फोनमध्ये होती.

कोड द्यायला ती तयार आहे. पण माझ्याकडून नाही. तुम्ही फोन करायचा. आणि लवकर करा, कारण तिला परदेशात नोकरी लागली आहे. महिनाअखेरीस जाते. नंबर बंद होणार.

हे पत्र वाचून पुन्हा 'बघतो' असं लिहिलंत तर मी स्वतः येऊन तुमचा पंखा काढून नेईन.

मेव्हणी

•

२४ नोव्हेंबर

मेव्हणीबाई,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी फोन केला. हे आधीच लिहायला हवं होतं, पण काय लिहायचं ते ठरेना.

तिनं फोन उचलला आणि म्हणाली, "दाब बटण." नमस्कार नाही, कसा आहेस नाही. मी दाबलं. तिनं आकडे वाचले. मी टाकले. चुकले. परत दाबलं, तिनं परत वाचले, परत चुकले. मला वाटलं ही मुद्दाम चुकीचं सांगतेय, आणि मनात म्हटलं, सांगू दे, तेवढा हक्क आहे तिचा. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "सात." मी म्हटलं, "आठ?" ती म्हणाली, "सात." मी म्हटलं, "आठच ना?"

मग तिनं वेगळ्याच आवाजात विचारलं, "फोन कुठल्या कानाला लावलायस?"

"डाव्या."

"उजव्याला लाव."

लावला. सात होता. दार उघडलं.

दुरुस्ती पाठवून दिली, फोन चालू ठेवूनच. ती म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "झालं." आता फोन ठेवेल असं वाटलं. ठेवला नाही. म्हणाली, "शनिवारी दवाखान्यात ये. कान तपासून देते."

इथं तुला एक सांगायला हवं. संसारात ती मला हेच वाक्य किती वेळा म्हणाली असेल. कान तपासून घे. मी तो टोमणा समजायचो आणि तोंड फिरवायचो. दर वेळी बहुधा डावा कान तिच्याकडे करून.

शनिवारी गेलो. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि म्हणाली, आवाज आला की हात वर कर. काचेतून ती दिसत होती. ती बटणं दाबत होती आणि मी हात खाली ठेवून तिच्याकडे बघत होतो. बराच वेळ. मग तिनं डोळे पुसले, तेव्हा मला कळलं की आवाज येऊन गेलेत.

बाहेर आल्यावर तिनं आलेख पुढे ठेवला. डावा कान निम्म्याहून जास्त गेलाय, आणि हे जुनं आहे. म्हणाली, "मला वाटायचं तू ऐकत नाहीस." मी म्हटलं, "मला वाटायचं तू तोंडातल्या तोंडात बोलतेस." ती म्हणाली, "दिवसभर लोकांचे कान तपासायचे आणि घरच्याचा कान दिसला नाही. दिसला असता तरी मी रागातच म्हणाले असते."

मी विचारलं, "आधी फोन केला असता तर? बहाणा म्हणूनच?"

ती म्हणाली, "पहिल्या वर्षी बहाणाही चालला असता."

दुसऱ्या वर्षाचं मी विचारलं नाही. उजव्या कानानं ऐकू आलं असतं.

भाऊजी

•

११ जानेवारी

भाऊजी,

ताई पोचली. खोली छोटी आहे, दवाखाना मोठा आहे, वरिष्ठ खडूस आहेत, पण बोलतात मोठ्यानं.

नर्सबाईंचं पत्र आलं. दोन्ही रुग्णांच्या सुया ज्या दिवशी पडायच्या त्याच दिवशी पडल्या. तुम्हाला स्वतंत्र लिहिलं आहे म्हणाल्या. उत्तर द्या. उशिरा दिलंत तरी मी गुण कापणार नाही, ती मोजणी मी काढून टाकली आहे.

टिकटिकवाल्यांनी जाहीर केलं की त्यांच्या नव्या आवृत्तीत त्रेपन्नाव्या आठवड्याची चूक सुटली. ससा फटाके उडवतोय. त्या एका दिवसात त्यांना हजारभर तारे मिळाले. तुम्हाला चार. त्यातला एक माझा, एक बाईंचा. उरलेले दोन आगाराचे धरते.

यादी मी नव्यानं लावतेय. आता कोण कुणाच्या पोटात आहे तेही दाखवणार. तुम्ही किती वर याल ते सांगत नाही. पण एका मोठ्या कंपनीचे साहेब घाबरून मला विचारत होते की या खालच्या लायब्ररीमागे नक्की किती माणसांची संस्था आहे. मी म्हटलं, एक माणूस आहे आणि तो धुलाईच्या दुकानावर राहतो.

एक राहिलं. निघायच्या दिवशी ताईनं सामान बांधताना विचारलं, "त्यानं यंत्र लावलं का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. लावलंत का?

मेव्हणी

•

१४ जानेवारी

मेव्हणीबाई,

लावलं. पहिले दोन दिवस फार त्रास झाला. कागद चुरगळला तरी कुणी थोबाडीत मारल्यासारखं वाटायचं. धुलाईवाल्याची दोन मुलं दिवसभर भांडतात हे मला माहीतच नव्हतं. मी त्यांना गुणी समजत होतो.

बाईंना उत्तर लिहिलं. त्यांनी आणखी एक चूक काढलीये, फेब्रुवारीची. बाई थांबणाऱ्यांतल्या दिसत नाहीत.

काल तुझ्या ताईचा फोन आला. आगाराच्या फाटकात उभा होतो, मागे बस सुरू होत होती. ती तिकडच्या हवेबद्दल सांगत होती, बाजाराबद्दल, कुणा शेजारणीबद्दल. खास असं काहीच नाही. संसारात ती असंच बोलायची, स्वयंपाकघरातून, आणि मी बाहेरच्या खोलीतून हं हं करायचो. काल पहिल्यांदा सगळं कळलं. ती छान सांगते गं. शेजारणीची नक्कल तर इतकी हुबेहूब केली की मी फाटकात एकटाच हसत सुटलो आणि दोन चालक माझ्याकडे बघत राहिले.

फोन ठेवताना ती म्हणाली, "ऐकू येतंय ना नीट?"

मी म्हटलं, नाही, परत सांग.

भाऊजी